परका हात

थोरल्याने टिल्लीच्या डाव्या पोटरीवर दोन्ही अंगठे टेकवले आणि तिथेच थांबला.

"काय झालं, बाबा?"

मालिशच्या टेबलाच्या भोकात तोंड घालून ती पालथी झोपली होती, त्यामुळे आवाज फरशीतून आल्यासारखा येत होता.

"काही नाही. पाय सैल सोड."

पण पाय सैलच होता. तीच तर भानगड होती.

दर बुधवारी कोच पोरीची चारशे मीटरची वेळ घ्यायचा आणि मग तिच्याकडून तीनशे मीटरच्या सहा फेऱ्या काढून घ्यायचा. गुरुवारी दुपारी ती या टेबलावर आली की गुडघ्याखाली चार बोटांवर, बाहेरच्या अंगाला, वाटाण्याएवढी गाठ हमखास सापडायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. बुधवारी गाठ बसायची, गुरुवारी थोरला ती सोडवायचा. मालिशची ही खोली मैदानासमोर होती, वर दोन मजले घर. अर्धं मैदान त्याच्या हाताखालून गेलं होतं. आपल्या पोरीचा पाय तर त्याला डोळे मिटून पाठ होता. गेले दोन गुरुवार तो बाहेरगावी होता, आणि आज त्या पायात गाठ नव्हती. बसली नव्हती असं नाही. बसली होती, आणि कोणीतरी ती सोडवली होती.

त्याने टाचेपासून पुन्हा सुरुवात केली. टाचेची शीर मऊ. वरचा पट्टा मऊ. पोटरीची दोन मांसं जिथे वेगळी होतात त्या खाचेशी अंगठा पोचला आणि तो थबकला. इथे कोणीतरी अंगठा रुतवून थांबलं होतं आणि मग तो बाहेरच्या अंगाला पुरता वळवला होता. कातडीवर दोन फिकट पिवळे डाग होते, अंगठ्याच्या मापाचे.

त्याला स्वतःला ती वळणी पुरती घेता येत नसे. बाविसाव्या वर्षी उजवा अंगठा दारात चेंगरला, तेव्हापासून तो अर्ध्यातच अडायचा. पुरती वळणी फक्त त्याची आई घ्यायची. आणि तिला जाऊन सात महिने झाले होते.

"तुझ्या पायाला कोणी हात लावला?"

"कोणी नाही."

उत्तर फार लवकर आलं.

"टिल्ले, मी पाय विचारत नाही, हात विचारतोय. कोणाचा?"

"म्हटलं ना, कोणाचा नाही. आज एवढंच का? उठू?"

जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून टिल्ली. आता बापाच्या डोक्यावरून बघायची. ती उठली, त्याच्याकडे न बघता चपला शोधू लागली, आणि चपला समोरच असूनही तिला बराच वेळ सापडल्या नाहीत.

थोरल्याने हात पुसले. एक एक गोष्ट आता जागेवर बसायला लागली. तीन बुधवार कोच त्याला फोन करून चारशे मीटरची वेळ सांगत होता. आधी चोपन्न पूर्णांक एक सेकंद, मग चोपन्न सहा, काल चोपन्न नऊ. शिबिरात जायचं तर साडेचोपन्नच्या आत यायला हवं. निवड चाचणी रविवारी. तिच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. कोच म्हणाला होता, "पाय दुखत नाही म्हणते, खाते नीट, झोपते नीट. मग पाय उचलत का नाही?"

का उचलत नाही ते थोरल्याला आता कळलं. आईचा एक नियम होता: शर्यतीआधी पाय जागवायचा, शर्यतीनंतर निजवायचा. जागवण म्हणजे दहा मिनिटं हलका, भरभर हात. रक्त वर येतं, कातडी ऊन होते, पाय पळायला मागतो. निजवण म्हणजे पाऊण तास, सावकाश, खोल. दमलेल्या पायातला शीण निघतो, गाठी सुटतात, माणूस दुसऱ्या दिवशी नव्याने सराव करतो. दोन्ही चांगली. पण निजवलेला पाय दोन दिवस झोपेत असतो. आई निजवण आठवड्यातून एकदाच द्यायची. पोरीच्या पायाला कोणीतरी ती रोज देत होतं.

अडाण्याचं काम म्हणावं, तर हात आईचा होता. जाणत्याचं म्हणावं, तर मग हे मुद्दाम केलं होतं.

*

पाच वाजता त्याने शटर खाली ओढलं. दोन सायकलवाले आणि एक गोळाफेकवाला वाट बघत होते, त्यांना उद्या या म्हणून परत पाठवलं. घरच्यांना खाली बोलावलं. त्याची बायको, थोरली, हात पुसत आली. धाकटा भाऊ आणि त्याची बायको, धाकटी, कामावरून थेट आले. ती मैदानामागच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि अजून पांढऱ्या कोटातच होती. टिल्ली टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत बसली. थोरल्याचे वडील, नाना, आधीपासून तिथेच होते. पस्तीस वर्षं पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, आता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायचा. तिथे ते असतात हे सगळे विसरून जात.

"एकच विचारतो," थोरला म्हणाला. "आईचा हात कोणाकडे आहे?"

"म्हणजे?" धाकटा म्हणाला. "तुझ्याकडे. आणखी कोणाकडे?"

"माझ्याकडे अर्धाच आहे. पुरता कोणाकडे आहे?"

"दादा, आज कोणाची मालिश जास्त झाली? तेल डोक्यात गेलंय तुझ्या."

थोरल्याने टिल्लीचा पाय उचलून डाग दाखवले. वेळा सांगितल्या. मग धाकटीकडे बघितलं. सगळ्यांनी त्याच्या मागोमाग तिच्याकडे बघितलं, तिच्या नवऱ्याने सुद्धा.

धाकटीला आधी कळलंच नाही. आपल्याला डाग तपासायला सांगताहेत असं वाटून ती पुढे आली होती. हात अर्ध्यावर असताना तिला ते डोळे दिसले आणि तिने हात खिशात घातला.

"मला विचारताय?"

"तुझं क्लिनिक मैदानाच्या मागच्या दाराला लागून. ही त्याच दाराने घरी येते."

"त्या दाराने चाळीस खेळाडू ये-जा करतात, दादा. एक कुत्रंही करतं. त्यालाही विचारा."

"चेष्टा नको."

"चेष्टा तुम्ही चालवलीत."

थोरलीने नवऱ्याची बाजू घेतली. पोटची पोर होती. "तसं नाही गं. पण शेवटचं वर्ष आईंपाशी तू होतीस. दुपारी दार लावून तासतासभर."

"त्यांच्या पायांवर सूज यायची. मी ती हलक्या हाताने वर सरकवत होते, सूज उतरावी म्हणून. दार लावत होते, कारण तसं कोणी बघितलेलं त्यांना आवडत नव्हतं. वहिनी, हे तुम्हाला माहीत आहे. चादर तुम्हीच आणून द्यायचात."

"चादर द्यायचे, पण आतून ऐकू यायचं. 'असं नाही, असं.' मी कानाने ऐकलंय. शिकवल्याशिवाय कोण असं बोलतं?"

"उशी!" धाकटी म्हणाली. "उशी कशी ठेवायची ते सांगायच्या! जन्मात माझी उशी त्यांना पटली नाही."

थोरलीला हे खरं वाटलं. सासूबाईंची उशी तिलाही कधी जमली नव्हती. ती एक पाऊल मागे सरकली. थोरल्याला ते दिसलं, आणि आपल्या बाजूचं एक माणूस कमी झालं म्हणून त्याचा आवाज चढला.

"तुमच्या शास्त्रात आईचं सगळं चूक होतं ना? मशीन लावा, पट्टी ओढा. मग गुपचूप तिचाच हात उचलायचा, आणि वापरायचा कोणावर, तर माझ्या पोरीवर! रविवारी ती पडली की लोक म्हणतील, बापाच्या टेबलावर बिघडली. मग सगळे तुझ्याकडे येतील."

"दादा!" धाकटा म्हणाला.

धाकटी बोलली ती अगदी खालच्या आवाजात.

"मी मागितला होता हात. तुमच्यापैकी कोणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी, त्यांचे पाय पुसता पुसता. म्हटलं, आई, आमच्याकडे कॉलेजात शिकवतात ते मला येतं, पण तुम्हाला येतं ते नाही येत. गाठीवर अंगठा ठेवून तुम्ही कशाची वाट बघता ते मला शिकवा. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, हात एकालाच द्यायचा असतो. दोघांना दिला की घर फुटतं." तिने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. "जे मला मागूनही दिलं नाही, ते मी चोरलं म्हणता."

"हेही आता बोलायला बरं," थोरला म्हणाला. "आईला विचारायला कोण जाणार?"

धाकटी दाराकडे निघाली. शटर खाली होतं, म्हणून आतल्या जिन्याने वर गेली. धाकटा क्षणभर भावाकडे बघत राहिला, मग तिच्या मागे गेला.

"ठरलं मग," थोरला मोठ्याने म्हणाला, जिन्यावर ऐकू जावं असं. "रविवारी मी हिच्या पायाला हात लावणार नाही. ज्याचा हात आहे त्याने समोर यावं आणि त्यानेच काय ते निस्तरावं."

"आणि कोणी नाही आलं तर?" टिल्लीने विचारलं. सगळा वेळ तोंड न उघडलेली पोर आत्ता बोलली होती.

"तर तशीच पळ."

*

नानांनी शेवटच्या टॉवेलाची घडी घातली. ती नीट आली नाही. मोडून परत घातली. मग उठले आणि जिन्याकडे गेले. त्यांना कोणी विचारलं नाही, कुठे चाललात.

मालिश आपण केली असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ते म्हणायचे, पाय बघतो. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी तीनला टिल्ली मैदानावरून आली आणि कठड्याला धरून एक एक पायरी चढली. थोरला तेव्हा मैदानावर खेळाडूंना हात द्यायला गेलेला असतो, थोरली पडलेली असते. नाना म्हणाले, ये, पाय बघू.

तिने पाय त्यांच्या मांडीवर टाकला. नानांनी आयुष्यात तेलाला हात लावला नव्हता. घरात हे काम बायकोचं, मग थोरल्याचं. त्यांचं काम चालायचं. पिशवी खांद्याला लावून रोज पंधरा-सोळा मैल, आणि संध्याकाळी घरी आले की ती त्यांना पालथं पाडायची. "मेल्या लाकडाचे पाय तुमचे," म्हणायची आणि पाऊण तास बोलायची नाही. पस्तीस वर्षं. त्यानंतर नोकरी संपली, तरी तिचा हात संपला नाही.

त्या दुपारी नानांच्या हातांना काही येत नव्हतं, पण पायांना येत होतं. टाचेवर हात ठेवला तर त्यांच्याच पायाने सांगितलं की आता वर. मग इथे रुतव. मग थांब, ती श्वास सोडू दे. आता वळव. त्यांनी डोळे मिटले आणि पायाने सांगितलं तसं केलं. पोर झोपली. दुसऱ्या दिवशी आपणहून आली. तिसऱ्या दिवशी नानाच तीनची वाट बघत बसले.

मालिशचे दोन प्रकार असतात हे त्यांना आज, टॉवेलांच्या घड्या घालताना कळलं. बायकोने त्यांना धंद्यातलं कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांना आयुष्यभर एकच प्रकार मिळाला होता. चालून दमलेल्या माणसाला झोपवायचा. त्यांना वाटायचं, मालिश म्हणजे एवढीच.

खाली ते का बोलले नाहीत? सुनेवर आळ येताना ऐकत बसले. भीती वाटली असं म्हणता आलं असतं, पण थोरल्याची त्यांना भीती नव्हती. बोललो की उद्या तीन वाजता पोर येणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या पाऊण तासात घर रिकामं वाटत नसे.

पहिल्या वळणावर ते थांबले. वर दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर दोघं उभी होती.

"खरं सांग," धाकटा म्हणत होता. "मी कोणाला सांगणार नाही."

"काय सांगणार नाहीस?"

"म्हणजे... असेल तर. तुझा हेतू वाईट नसणार, मला माहीत आहे."

"तू मला विचारतोयस?"

"अगं, विचारलं फक्त."

"दादांनी विचारलं ते मी ऐकून घेतलं. त्यांची पोर आहे, त्यांची आई होती. तुझं नाही ऐकून घेणार. दार उघडू नकोस माझ्या मागे. थोडा वेळ येऊच नकोस."

दार लागलं. धाकटा जिन्यात बसला. अंधुक उजेडात त्याला खाली उभे असलेले वडील दिसले.

"नाना, तुम्हीही ऐकलंत?"

"उठ," नाना म्हणाले. "तिला खाली घेऊन ये. हात जोड, पाय धर, काहीही कर, पण आण."

*

खाली थोरली पोरीसमोर उभी होती. "काकूचं नाव घ्यायला जड जात असेल तर नुसती मान हलव."

"मी स्वतःच केलं," टिल्ली म्हणाली.

"पालथी झोपून?" थोरला म्हणाला. "स्वतःच्या पोटरीच्या मागे? हात काय मागून उगवलेत तुला?"

टिल्ली खाली बघत राहिली. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ काकूच असा दोघं लावताहेत, हे तिला कळत होतं. तिला तीन आठवडे माहीत होतं की पाय जड होताहेत. शेवटच्या शंभर मीटरला ते ओल्या वाळूतून काढावे लागत. एकदा दुपारी तीनला ती मुद्दाम मैत्रिणीकडे गेली होती. चारला घरी आली तर नाना टॉवेल अंथरून, तेलाची बाटली घेऊन खुर्चीत तसेच बसले होते. म्हणाले, "आज उशीर झाला का सरावाला?" ती म्हणाली होती, हो.

"मी केलं," दारातून नाना म्हणाले.

थोरल्याने वळून बघितलं. "तुम्ही काय केलं?"

"तिच्या पायाला. रोज दुपारी. तो हात माझा आहे."

"नाना, तुम्ही मधे पडू नका. घर शांत राहावं म्हणून तुम्ही आळ अंगावर घ्याल, मला माहीत आहे. तुम्ही कधी तेलाची बाटली तरी उघडलीत?"

"झोप."

"काय?"

"टेबलावर झोप. पालथा."

मागे धाकटा आणि धाकटी येऊन उभी राहिली होती. ती आत आली नाही, उंबऱ्यावरच थांबली. थोरला सगळ्यांकडे बघून हसल्यासारखं करत टेबलावर चढला आणि भोकात तोंड घातलं. वीस वर्षं तो या टेबलापाशी उभा होता. त्यावर आडवा तो पहिल्यांदाच झाला. खालून त्याला फरशी दिसत होती आणि वडिलांची पावलं.

नानांनी डोळे मिटले. टाच. वरचा पट्टा. मग ती खाच.

टेबलावरचा माणूस ताठ झाला. मग त्याने श्वास सोडला, फार दिवसांचा कोंडलेला असावा असा, आणि अंगठा बाहेर वळला. त्याची पाठ हलत होती. नाना थांबले नाहीत. दुसरी पोटरी घेतली. मध्ये एकदा थोरला भोकातून म्हणाला, "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मी खाली झोपायचो, ती करायची. तेवढंच."

थोड्या वेळाने त्या भोकातून थोरल्याला दुसऱ्या चपला दिसल्या, पांढऱ्या, रबरी, क्लिनिकमधल्या. त्या टेबलाजवळ येऊन थांबल्या.

"मी बोललो ते..." तो म्हणाला. "मगाशी. ते चुकलंच माझं."

"चपलांशी बोलू नका, दादा. उठून बोला."

तो उठायला गेला. पाय खाली टाकले, उभा राहिला आणि पायांनी त्याला धरलंच नाही. टेबल धरलं म्हणून वाचला. टिल्ली पटकन पुढे झाली आणि तिने त्याचा दंड धरला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"या पायांवर तू चोपन्न नऊ काढलीस?"

"काल जरा वारा पण होता," टिल्ली म्हणाली.

"बोलली का नाहीस?"

तिने नानांकडे बघितलं. मग थोरल्याने पुन्हा विचारलं नाही. टेबल धरूनच तो धाकटीकडे वळला. "माझं चुकलं. मी वाईट बोललो. आईचंही नाव मधे आणलं." आणि धाकट्याकडे बघून म्हणाला, "तू का उभा आहेस खांबासारखा? तूही म्हण."

"मी वर म्हणून आलोय," धाकटा म्हणाला.

"पुरेसं नाही झालेलं," धाकटी म्हणाली. पण ती आत आली होती. "पोटरी बघू का हिची?"

या खोलीत तिने कधी कोणाला हात लावला नव्हता. थोरला बाजूला झाला. टिल्ली झोपली. धाकटीने बराच वेळ चाचपलं, घोटा वर-खाली फिरवला, टाच दाबली.

"दादा, इथे हिला दोन वर्षांपूर्वीचा जुना ताण होता ना? स्नायू चिकटून बसला होता. म्हणून गाठ दर आठवड्याला परत यायची. आता सुटलाय. मी मशीनने चार महिने प्रयत्न केले असते तरी सुटला असता असं सांगता आलं नसतं. रोज नको होतं, शर्यतीच्या तोंडावर तर नकोच होतं, ते खरं. पण नुकसान झालेलं नाही. पाय झोपलाय फक्त."

"रविवारपर्यंत उठेल?" थोरलीने विचारलं.

"आजपासून कोणी हात लावायचा नाही. उद्या हलकं चालायचं, शनिवारी थोड्या उड्या. रविवारी सकाळी दहा मिनिटं दादांनी जागवायचं. मी तर म्हणते, गेल्या वर्षीपेक्षा हलकी पळेल. लिहून देणार नाही, पण म्हणते."

थोरल्याला ते पुरतं पटलं नाही. त्याने स्वतः पुन्हा अंगठा ठेवून बघितलं, आणि मग मान हलवली. टिल्ली उठली, आईबरोबर वर गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यात बराच वेळ आला. आज तिने कठडा धरला नव्हता.

नाना हात धूत होते. तेल निघत नव्हतं. मागून धाकटी म्हणाली, "नाना, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"हेच. त्यांनी मला नाही दिलं. तुम्हाला तर त्यांनी दिलंच नव्हतं, मग तुमच्यावर बंधन कसलं?"

नानांनी थोरल्याकडे बघितलं. थोरला खिडकीकडे बघत होता. "घर काय," तो शेवटी म्हणाला, "एकाला देऊनही फुटतंच."

"मला शिकवता येत नाही गं," नाना म्हणाले. "हाताचं मला काही कळत नाही. मला फक्त खालून माहीत आहे."

"मग खाली झोपा. मी करते. चुकलं की सांगा."

ते झोपले. सात महिन्यांत त्यांच्या पायांना कोणी हात लावला नव्हता. धाकटीने तळहातावर तेल गरम केलं आणि टाच धरली.

"चूक," नाना म्हणाले.

तिने हात सरकवला.

"जोर कमी. अजून वर. चूक. घाई करतेस."

"आता?"

"जवळ आलीस. नाही. ती असं नाही करायची."

धाकटा हसला, थोरल्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तिने पुन्हा टाचेपासून सुरुवात केली, पुन्हा चुकली, आणि चुकता चुकता तिचा अंगठा खाली घसरून तळपायाच्या खळग्यात गेला. पस्तीस वर्षं पायाखाली आलेले सगळे रस्ते तिथे साठले होते. बायको पोटरीची जाणती होती, तळपायाला ती कधी गेली नव्हती. नाना एकदम गप्प झाले.

"चुकलं का?"

"हे तिचं नाही," नाना म्हणाले.

"मग काढू हात?"

नानांनी तळपाय तिच्या हातात आणखी सैल सोडला.

"राहू दे," ते म्हणाले.